अनुज्ञेय

सरकारी नोकरीत ज्याचे आयुष्य गेले त्याच्या जिभेवर काही शब्द निवृत्तीनंतरही रेंगाळत राहतात. आमच्या जिभेवरचा असा एक शब्द म्हणजे 'अनुज्ञेय'. प्रवासभत्ता अनुज्ञेय आहे किंवा नाही, अमुक औषध अनुज्ञेय आहे किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे देण्यात आमची ३६ वर्षे गेली. हा शब्द मोठा सोयीचा आहे. 'आम्ही देत नाही' असे म्हटले तर म्हणणाऱ्याला थोडी तरी लाज वाटते. 'अनुज्ञेय नाही' असे लिहिले की नाकारणारा कोणी उरतच नाही, केवळ नियम उरतो. प्रस्तुत लेखात आम्ही या शब्दाचा एक जुना हिशेब मांडणार आहोत. विषय स्त्रियांच्या आजाराचा, त्यातही ज्या अवयवाचा उच्चार चारचौघांत करण्याचा प्रघात आपल्याकडे नाही अशा अवयवाचा आहे. काही वाचकांना तो या पत्रिकेच्या पानांवर अस्थानी वाटेल. आमची विनंती एवढीच, की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग निर्णय द्यावा.

१९९८ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आम्ही त्या वेळी इंदूरच्या एका कार्यालयात आहरण व संवितरण अधिकारी होतो. आमच्याच कार्यालयातील एका लिपिक बाईंचे वैद्यकीय प्रतिपूर्तीचे देयक आमच्या टेबलावर आले. बाईंना स्तनाचा कर्करोग झाला होता आणि शस्त्रक्रिया होऊन त्या सहा महिन्यांनी कामावर परतल्या होत्या. शस्त्रक्रिया, औषधे, किरणोपचार यांच्या पावत्या व्यवस्थित क्रमाने लावलेल्या होत्या. शेवटच्या पावतीवर मुख्य लिपिकांनी लाल पेन्सिलीने खूण केली होती, आणि कागद अशा रीतीने दुमडला होता की मजकूर सहजासहजी नजरेस पडू नये. कृत्रिम स्तन एक, त्यासाठीच्या ब्रेसियर दोन, एकूण रुपये १,८५०. मुख्य लिपिक वयाने आमच्याहून मोठे, सात्त्विक वृत्तीचे गृहस्थ. ते खाली बघत म्हणाले, "साहेब, हे जरा आपणच बघावं."

आम्ही बघितले, म्हणजे सूची बघितली. सूचीत ती बाब नव्हती. तेवढेच लिहून थांबलो असतो तर आज हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु नुसते 'सूचीत नाही' असे लिहिणे आम्हाला अपुरे वाटले. अधिकाऱ्याने कारण द्यावे, असे आम्हाला शिकविले गेले होते. म्हणून टिप्पणीत आम्ही आणखी एक वाक्य घातले. ते हिंदीत होते. त्याचा मराठीत अर्थ असा, की सदर बाब उपचाराचा भाग नसून प्रसाधनाच्या स्वरूपाची आहे, सबब अनुज्ञेय नाही. खाली सही केली, तारीख घातली. बाईंनी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर त्यांना तो शब्द पुन्हा कागदावर लिहावा लागला असता, आणि तो कागद पुन्हा सात टेबलांवरून फिरला असता.

त्याच महिन्यात आम्ही आणखी एक देयक मंजूर केले होते. एका वाहनचालकाचा अपघातात डोळा गेला होता. त्याने काचेचा डोळा बसवून घेतला. ती बाब सूचीत होती. काचेच्या डोळ्याने दिसत नाही. खोबण रिकामी दिसू नये आणि पापणीला आधार राहावा, एवढेच त्याचे काम. तो प्रसाधनाच्या स्वरूपाचा आहे काय, असा प्रश्न आमच्या मनाला शिवलाही नाही. ही दोन देयके एकमेकांशेजारी ठेवून बघण्यास आम्हाला १८ वर्षे लागली, आणि तेही आपल्या घरी आल्यावर.

२०१६ साली आमच्या पत्नीच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. पुढचे सारे अनेक घरांतून घडते तसेच घडले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये याचाच क्रमांक पहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी छातीच्या स्नायूंसह सारा भाग काढून टाकण्याची जी पद्धत रूढ केली, ती सुमारे पाऊण शतक वेदवाक्य मानली गेली. पुढे अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी प्रदीर्घ अभ्यास केले, आणि योग्य रुग्णांत स्तन राखून केवळ गाठ काढली व किरणोपचार दिले तरी आयुर्मानात फरक पडत नाही हे दाखवून दिले. त्यांचे २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तरीही आपल्याकडे बहुसंख्य स्त्रिया उशिरा पोहोचतात, आणि स्तन काढणे भाग पडते. आमच्या घरी तसेच झाले.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे जखमेला भार सोसत नाही. त्या काळात मऊ सुती बंडीत कापसाची किंवा तंतूंची हलकी गादी घालतात. जखम पूर्ण भरली, सूज ओसरली आणि डॉक्टरांनी अनुमती दिली, की मग वजनदार सिलिकोनच्या कृत्रिम स्तनाचा विचार करायचा. त्याला साधारण दीड-दोन महिने लागतात. किरणोपचार असतील तर त्वचा शांत होईपर्यंत आणखी थांबावे लागते. हे सारे आम्हाला फार उशिरा कळले. रुग्णालयातून घरी जाताना आम्हाला औषधांची यादी मिळाली, पथ्याचा कागद मिळाला, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली. या बाबीचा उल्लेख कोठेच नव्हता. विचारायचे कोणाला, हेही ठाऊक नव्हते.

पहिल्यांदा आम्ही रुग्णालयाजवळच्या एका दुकानात गेलो. तेथे कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कमरेचे पट्टे यांच्या गर्दीत एका खोक्यात ती वस्तू होती. काउंटरवरचा तरुण मुलगा वाईट नव्हता; पण त्याला विकण्यापलीकडे काही येत नव्हते. दुकानात आणखी चार गिऱ्हाईके उभी असताना त्याने साइज विचारली. पत्नीने आमच्याकडे बघितले. लग्नाला ३३ वर्षे झाली होती, पण त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक नव्हते; आणि आता तिलाही ते निश्चित सांगता येत नव्हते, कारण शरीर बदलले होते. आम्ही काही न घेता बाहेर पडलो. रिक्षात ती एवढेच म्हणाली, "अहो, राहू द्या. रुमाल ठेवीन मी आत."

रुमाल, कापूस, खांद्याला घातलेल्या पट्टीचा तुकडा, असे उपाय आपल्याकडच्या असंख्य स्त्रिया करतात. पत्नीनेही काही महिने केले. या उपायांना वजन नसते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या बाजूची ब्रेसियर वर सरकते आणि हात वर केला की सारा डाव उघडा पडतो. पुन्हा तिची शस्त्रक्रिया उजव्या बाजूची. आपला पदर डाव्या खांद्यावर असतो. डाव्या बाजूचे वैगुण्य तो झाकतो, उजव्या बाजूचे झाकत नाही. साडीचा इतका साधा हिशेब आम्ही आयुष्यात कधी केला नव्हता. ती उजवा खांदा पुढे झुकवून चालू लागली. मान अवघडू लागली. देवळात जाणे कमी झाले, मग भिशी सुटली, मग लग्नकार्ये. आम्ही मनात म्हणत होतो, की आजारातून वाचली हेच थोर. तीही तसेच म्हणत होती. दोघेही एकमेकांना हे वाक्य ऐकवीत होतो, यावरूनच ते पुरेसे नव्हते हे आम्हाला कळायला हवे होते.

वर्षभराने मुलीकडे ठाण्याला गेलो असता तिने कोठून तरी पत्ता काढला, आणि मुंबईतील एका बाईंकडे आम्ही गेलो. माप घेऊन ही वस्तू बसवून देणे हाच त्यांचा व्यवसाय, आणि त्यांची स्वतःचीही शस्त्रक्रिया झालेली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आत काय झाले ते पत्नीने नंतर सविस्तर सांगितले, आणि लेखात लिहिण्यास अनुमतीही दिली.

त्या बाईंनी प्रथम छातीखालून फीत घेतली. तो पट्ट्याचा घेर. नेहमी दोन्ही बाजूंनी मिळून जो वरचा घेर घेतात तो येथे खोटा ठरतो, म्हणून पाठीच्या कण्यापासून शाबूत बाजूवरून छातीच्या मध्यापर्यंत माप घेतले आणि ते दुप्पट केले. मग ब्रेसियर निवडली: रुंद पट्ट्यांची, तार नसलेली, मधोमध छातीला सपाट बसणारी, आणि आतून खिसा शिवलेली. कृत्रिम स्तन त्या खिशात राहतो, म्हणून वाकल्यावर तो घसरत नाही. हे झाल्यावरच कृत्रिम स्तन. तो त्रिकोणी असतो, थेंबाच्या आकाराचा असतो, काखेपर्यंत भाग गेला असेल तर त्या बाजूला लांबवलेलाही असतो, आणि हा लांबवलेला प्रकार डावा व उजवा वेगळा येतो. वजन दुसऱ्या बाजूशी जुळायला हवे. अंगाला जड वाटत असेल किंवा उन्हाळा फार असेल तर हलक्या वजनाचाही मिळतो. ज्यांचा स्तनाचा काही भागच गेला त्यांच्यासाठी पातळ अर्धवट कवचे असतात. काखेतील गाठी काढल्यामुळे हाताला सूज येण्याचा धोका ज्यांना असतो, त्यांनी खांद्यावर काचणारा अरुंद पट्टा वापरू नये, हेही त्या बाईंनीच सांगितले. रोज रात्री सौम्य साबणाने धुवावा, पुसून त्याच्याच डबीत ठेवावा, सेफ्टी पिन जवळ येऊ देऊ नये. या शेवटच्या सूचनेवर दोघीही हसल्या म्हणे, कारण पदराला पिन न लावता नेसणारी बाई आता कोठे सापडणार!

तासाभराने दार किंचित उघडले आणि पत्नीने आम्हाला आत बोलावले. ती आरशासमोर उभी होती. म्हणाली, "अहो, बघा बरं, दोन्ही खांदे सारखे दिसतात का?" सारखे दिसत होते. ती काय विचारते आहे ते आम्ही नीट ऐकले. सुंदर दिसते का, असे तिने विचारले नव्हते. खांदे सारखे आहेत का, एवढेच विचारले होते. आणि आम्हाला १९९८ सालची आमची टिप्पणी आठवली.

कृत्रिम स्तनाचे ६,८०० आणि दोन ब्रेसियरचे २,२००, मिळून ९,००० रुपये झाले. आम्ही अद्याप नोकरीत होतो आणि हुद्दा बराच वर गेला होता. कार्यालयात पत्नीच्या उपचाराचे पुढचे देयक तयार होत असताना संबंधित लिपिक आमच्या खोलीत आला. ही पावतीही लावू का, असे त्याने विचारले. सूची बदललेली नव्हती, हे त्यालाही ठाऊक होते. तो हळूच म्हणाला, "सर, आपल्या बिलावर कोण हरकत घेणार?" त्याचे म्हणणे खरे होते. कोणीही घेतली नसती. आम्ही ती पावती काढून खिशात ठेवली.

त्या दिवशी आपण प्रामाणिकपणे वागलो असे आम्हाला वाटले. काही दिवसांनी ते समाधान टिकेनासे झाले. ९,००० रुपये आम्हाला परवडत होते, म्हणून आम्ही खिशातून भरले. यात गैर काही नाही, पण न्याय तो कोणता? ज्या नियमाने लिपिक बाईंना नाकारले तो नियम आमच्या प्रामाणिकपणामुळे जसाच्या तसा शाबूत राहिला. ज्याला परवडते त्याने मुकाट्याने भरावे आणि ज्याला परवडत नाही त्याने मुकाट्याने सोसावे, या व्यवस्थेत दोघांच्या मुकेपणावरच नियम उभा राहतो. म्हणून २०१७ साली आम्ही वर एक प्रस्ताव पाठविला, की कृत्रिम स्तन व त्यासाठीची ब्रेसियर यांचा सूचीत समावेश व्हावा. दोन स्मरणपत्रे पाठविली. आम्ही निवृत्त होईपर्यंत उत्तर आले नव्हते.

आता मूळ प्रश्न. गरज कोणती आणि हौस कोणती, हे ठरवायचे कसे? सरकारी तिजोरी सर्वांची असते; तिच्यातून प्रत्येकाची हौस पुरविता येत नाही हे मान्य. मग सीमारेषा कोठे ओढावी? आमची पिढी ती उपयोगावर ओढत आली. पायाने चालता येते, म्हणून कृत्रिम पाय ही गरज. जयपूर फूट १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविला. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य बसवीत आली आहे. ज्याने कोणी तो बसवून घेतला त्याने दागिना घातला असे कोणी म्हटले नाही. परंतु काचेचा डोळा उपयोगाच्या कसोटीवर टिकत नाही, आणि तरीही तो गरजच मानला जातो. का? माणसाने चारचौघांत उभे राहताना आपल्याकडे बघणाऱ्याची नजर चुकवावी लागू नये, हीदेखील गरज आहे, असे आपण न बोलता मान्य केले आहे म्हणून. डोळ्याच्या बाबतीत मान्य केले. स्तनाच्या बाबतीत आम्ही प्रसाधन म्हटले. दोहोंतील फरक वस्तूत नव्हता. एक शब्द आम्हाला उच्चारता येत होता आणि दुसरा येत नव्हता, एवढाच तो होता.

जेथे तो शब्द कायद्यात लिहिण्याचे धैर्य झाले तेथे काय घडले, ते बघण्यासारखे आहे. अमेरिकेत टेरेस लॅसर या बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ साली, रुग्ण स्त्रियांना भेटून धीर देणाऱ्या स्त्रियांचे जाळे उभे केले. बार्बी बाहुलीच्या एक जनक रूथ हँडलर यांची १९७० साली शस्त्रक्रिया झाली; मनासारखी वस्तू मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच डावे व उजवे वेगळे असे कृत्रिम स्तन बनविण्याचा उद्योग काढला. आणि २१ ऑक्टोबर १९९८ रोजी तेथे असा कायदा झाला, की जी समूह आरोग्य विमा योजना स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देते, तिने पुनर्रचनेचा, कृत्रिम स्तनाचा आणि हाताच्या सुजेसारख्या गुंतागुंतीच्या उपचारांचाही खर्च दिला पाहिजे. रुग्णाने सोसायचा वाटा तेथेही असतोच; परंतु ही बाब उपचाराचा भाग आहे काय, हा वाद मिटला. तेथील वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत सिलिकोनचा कृत्रिम स्तन सर्वसाधारणपणे २ वर्षांनी बदलून मिळतो. ब्रिटनमध्ये तो राष्ट्रीय आरोग्य सेवेकडून विनामूल्य मिळतो, ब्रेसियर मात्र बहुधा स्वतः घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियाने २००८ साली अशी योजना सुरू केली, की दर २ वर्षांनी एका कृत्रिम स्तनामागे ४०० डॉलरपर्यंत रक्कम परत मिळावी. आमची टिप्पणी आणि अमेरिकेचा कायदा एकाच वर्षाचे आहेत. दोहोंत जेमतेम दोन महिन्यांचे अंतर आहे.

येथवर आल्यावर प्रश्न सुटला असे आम्हाला वाटले होते. तो सुटला नव्हता, हे ऑड्री लॉर्ड या अमेरिकन कवयित्रीने दाखविले. तिची शस्त्रक्रिया १९७८ सालची. तिचे 'द कॅन्सर जर्नल्स' हे पुस्तक १९८० सालचे. शस्त्रक्रियेनंतर तिला भेटायला आलेल्या स्वयंसेविकेने लोकरीची गादी आणली होती. ती घातली की कोणाला काही कळणार नाही, असा दिलासा दिला. लॉर्डने ती वापरली नाही. काही दिवसांनी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात तशीच गेली, तेव्हा तेथील परिचारिकेने तिला टोकले, की असे आल्याने येथील इतरांचे मनोधैर्य खचते. यावर ती विचारते, की इस्रायलचे सेनानी मोशे दायान एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून जगभर वावरतात. काचेचा डोळा बसवून या, असे त्यांना कोणी सांगत नाही. मग मला का?

आमचाच काचेच्या डोळ्याचा दाखला येथे उलटून आमच्यावर आला. बघणाऱ्याची नजर चुकवावी लागू नये ही गरज, असे आम्ही म्हटले. पण ती गरज कोणाची? तिची, की बघणाऱ्याची? बघणाऱ्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून तिने ती वस्तू घातलीच पाहिजे, असे ठरले तर आपण तिला मदत केली असे होत नाही. आपल्या सोयीचा खर्च तिच्या अंगावर घातला असे होते. विचार करताना आमच्या ध्यानात आले, की आमच्या पत्नीने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन टाकले होते. ती घरात ती वस्तू घालत नाही. सकाळी गच्चीत तुळशीला पाणी घालायला तशीच जाते. बाहेर जाताना, लांबचा प्रवास असला की, किंवा मान दुखत असली की घालते. एकदा शेजारच्या वहिनी अचानक आल्या. त्यांची नजर गेली आणि त्या गोंधळल्या. त्या गेल्यावर आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या घरात मी अशीच असते. बघितलं तर बघू दे." तीच बाई लग्नाला निघताना दोनदा आरशात बघते. यात आम्हाला पूर्वी विसंगती वाटली असती. आज वाटत नाही. कोठे झाकावे आणि कोठे झाकू नये, हे ती ठरविते, इतकेच.

एक आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही. ज्या देशात औषधोपचाराचाच खर्च अनेक कुटुंबांना कर्जात बुडवितो, तेथे या वस्तूवर सार्वजनिक पैसा घालावा काय? आधी प्राण, मग बाकीचे, हा युक्तिवाद वजनदार आहे आणि एखाद्या रुग्णालयाकडे खरोखरच एकाच गोष्टीपुरता पैसा असेल तर आम्हीही औषधच निवडू. परंतु आमच्या अनुभवात हा युक्तिवाद प्रत्यक्ष टंचाईच्या वेळी क्वचितच केला जातो. लाखो रुपयांचे देयक मंजूर करणारी लेखणी १,८५० रुपयांपाशी येऊन अडते, तेव्हा ती पैशाने अडलेली नसते. शिवाय स्वस्त पर्याय आहेत. सुती धाग्याने विणलेले हलके कृत्रिम स्तन आपल्या देशातही स्वयंसेविका विणून विनामूल्य देतात. साध्या ब्रेसियरला आतून खिसा कोणताही शिंपी लावून देतो. रुग्णालयातून घरी पाठविताना एक छापील कागद देण्यास आणि एखाद्या परिचारिकेला माप घेण्याचे शिक्षण देण्यास फारसे पैसे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येतो. देह नश्वर आहे, त्याचा मोह कशाला? हे सत्य असेल. परंतु आमचे निरीक्षण असे, की देहाच्या नश्वरतेचा उपदेश बहुधा दुसऱ्याच्या देहाविषयी केला जातो. आम्ही स्वतः दातांची कवळी लावतो. नुसते चावण्यासाठी नव्हे. व्याख्यानाला जाताना तर हटकून लावतो.

२०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही उभयता त्या लिपिक बाईंच्या घरी गेलो. त्या निवृत्त होऊन रामबागेजवळ मुलाकडे राहत होत्या. आम्ही काय सांगायला आलो आहोत हे सांगायला आम्हाला बराच वेळ लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "साहेब, पैशाचं मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं. नियमात नाही म्हणाला असतात तर मी विसरून गेले असते. तुम्ही 'प्रसाधन' लिहिलंत. दोन मुलं पदरात, केस गळालेले, आणि मी प्रसाधनाचं बिल लावलं, असं सगळ्या ऑफिसनं वाचलं." ती पहिली वस्तू चार वर्षांत फुटली. दुसरी घेणे जमले नाही. त्यांनी जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात मोहरी भरली. मोहरीला वजन असते आणि ती अंगाच्या आकाराप्रमाणे बसते. पावसाळ्यात घामाने कुबट वास येई, मग मोहरी बदलायची. अशी १४ वर्षे त्या आमच्यासमोरून हजेरीपटावर सही करायला येत-जात होत्या. आम्ही क्षमा मागितली. "आता काय त्याचं," असे म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि तसे म्हणण्यास त्या बांधलेल्याही नव्हत्या. पत्नी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेली. दोघी बराच वेळ आत होत्या. पुढच्या ठाण्याच्या खेपेला पत्नीने त्यांना बरोबर नेले आणि माप करवून आणले.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. गरज आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार जिचे शरीर गेले तिचा आहे. ती नको म्हणाली तर कोणी आग्रह धरू नये, आणि हवे म्हणाली तर तिच्याकडे कारण मागू नये. तिजोरी सांभाळणाऱ्याचे काम, किती देता येईल ते सांगणे. का हवे, याचा अर्थ लावणे हे त्याचे काम नाही. आम्ही ते काम अंगावर घेतले, आणि त्या एका जादा वाक्याने जी इजा झाली ती १,८५० रुपये नाकारल्याने झाली नव्हती.

या पत्रिकेच्या वाचकांत आमच्यासारखे निवृत्त अधिकारी पुष्कळ आहेत. काही जण रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, काही सहकारी पतपेढ्यांच्या वैद्यकीय साहाय्य समित्यांवर आहेत. काहींची मुले-सुना आज आमच्याच जुन्या खुर्च्यांवर बसतात. असा एखादा दुमडलेला कागद त्यांच्यासमोर आलाच, तर त्यांनी तो उलगडून नीट वाचावा. सूची आड येत असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि सूची बदलण्याचा प्रस्ताव सोबत जोडावा. आमच्या प्रस्तावाची स्थळप्रत आम्ही जपून ठेवली आहे. कोणास हवी असल्यास मसुदा देण्यास आम्ही तयार आहोत.